चणचण आणि डोकं

तुमच्या लेखात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचं २०१३ चं संशोधन वाचलं. तोच माणूस कापणीआधी तंगीत असताना बुद्धीच्या चाचणीत मागे पडला, अन् पैसे हाती आल्यावर सुधारला. म्हणजे डोकं कमी नव्हतं, चणचणीनं अडकलं होतं.

पण उसाचा पैसा एकदम येतो. आमच्या यवतमाळकडे पहिल्या वेच्याचा कापूस गेला की वेचणाऱ्या बायांची मजुरी अन् कृषी केंद्राची उधारी यातच तो पैसा संपतो. फरदडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत, हेच. ‘कापणीनंतरचा निवांत काळ’ इथं शोधायला संशोधकांना बराच घाम गाळावा लागेल!

अन् दुबार पेरणीची धाकधूक असते त्याच जून-जुलैत पीककर्ज, पीकविमा, केवायसी. निंदणानं घासलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, सर्व्हर बंद, अन् एक कागद कमी निघाला की साहेब म्हणणार, ‘तुम्हा लोकांना समजतच नाही.’ तंगीतल्या माणसावर लांबलचक फॉर्मचा भार टाकू नका, असं त्याच संशोधकांनी सुचवलं होतं. लेखात नेमकं तेच सुटलंय. तेवढं जोडा, लिंक साहेबांच्या ग्रुपवर टाकतो.