युन्नानची पुडी आणि खुब्याचं रक्त

‘खुब्याचा सांधा बदलल्यावर चीनमध्ये रक्त चढवत नाहीत, युन्नान बाययाओच्या कॅप्सूल देतात. शंभर वर्षांचा, लढायांत पारखलेला उपाय. वनस्पतींचा, म्हणून निर्धोक. औषध कंपन्या तो दडवतात.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतोय. युन्नान बाययाओ म्हणजे रक्त थांबवण्यासाठी दिलं जाणारं चिनी वनौषधी, पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये मिळणारं. त्यात सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो पटतो.

आधी ‘रक्त चढवत नाहीत’ हे घेऊ. खुबा बदलताना मांडीचं हाड करवतीनं कापतात, आतली पोकळी कोरतात. टाके घातल्यावरही रक्त स्नायूंत झिरपत राहतं, त्यामुळे जखमेतल्या नळीतून (ड्रेन) बाटलीत जमलेलं दिसतं त्याहून हिमोग्लोबिन जास्त उतरलेलं निघतं. तरीही आज रक्ताची पिशवी पूर्वीपेक्षा बरीच कमी लागते. पण तशी ती चीनबाहेरही कमी लागते, आणि त्याचं मोठं श्रेय ट्रानेक्सॅमिक ॲसिडला जातं. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्यानं 1962 साली ते जगापुढे आणलं. शरीर तयार झालेली गुठळी विरघळवू लागतं, ते काम हे औषध रोखतं. चिनी सर्जनही ते सर्रास वापरतात. खुब्याच्या रुग्णांवर युन्नान बाययाओची चाचणी झाली तीसुद्धा ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या जोडीला देऊन. मजकुरात हा जोडीदार गायब आहे.

मग पुडीत दमच नाही का? तसं म्हणणार नाही. जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी या कॅप्सूल दिल्या तेव्हा रक्त कमी गेलं, असं 2009 साली एका दुहेरी-अंध चाचणीत (खरी कॅप्सूल कुणाला, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही) दिसलं होतं. पण जबडा म्हणजे खुबा नव्हे, आणि एक चाचणी म्हणजे निकाल नव्हे.

लढायांचं थोडक्यात. छू ह्वानचांग यांनी 1902 मध्ये ही पुडी तयार केली, पुढे जपानविरुद्धच्या युद्धात युन्नानचे सैनिक ती जवळ बाळगत. पण पुडी घेऊनही जे वाचले नाहीत, ते साक्ष द्यायला येत नाहीत.

खरी गोम ‘निर्धोक’ या शब्दात आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य विभागानं या कंपनीची काही उत्पादनं परत मागवली, कारण वेष्टनावर न लिहिलेले ॲकोनाइटचे विषारी घटक त्यांत सापडले. ॲकोनाइट म्हणजे आपल्या बचनागाचं कूळ. आपले वैद्यही शोधन केल्याशिवाय, म्हणजे त्याचं विष उतरवल्याशिवाय, ते पोटात देत नाहीत. प्रमाण चुकलं तर थेट हृदयाची लय बिघडते.

आणि खुब्याच्या रुग्णाची अडचण दुहेरी असते. जखमेतलं रक्त थांबायला हवं, पण पायाच्या शिरेत गुठळी होता कामा नये. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. म्हणून ऑपरेशननंतर काही आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू असतं. अशा वेळी ‘चिनी औषध’ हा शब्दच फसवा ठरतो. त्याच परंपरेतलं तानशेन नावाचं मूळ वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत घेतलं तर रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं, तांगक्वेई या दुसऱ्या मुळाचंही तसंच. युन्नान बाययाओतलं मुख्य मूळ सान्छी. ते रक्त थांबवतं आणि साकळलेलं रक्त हलवतंही, असं खुद्द चिनी वैद्यकच सांगतं. ऑपरेशनच्या टेबलावर यातला कुठला गुण पुढे येईल, हे भूल देणाऱ्या डॉक्टरनं कशावरून ओळखायचं? म्हणूनच ते जडीबुटीच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही, तरी घरातल्यांनी सांगावं. काढे आणि चूर्णंही त्यात आली.

राहिला कंपन्यांचा कट. छू यांच्या पत्नीनं 1955 मध्ये पुडीचं सूत्र चीन सरकारच्या हवाली केलं आणि ते सरकारी गुपित झालं. आज तिच्यामागे शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी आहे, ती टूथपेस्टही विकते. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं सूत्र मात्र औषधशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात छापलेलं मिळतं.