शुभेच्छा मराठीत, अटी इंग्रजीत

सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल तर पुढे सरका.

आज 27 फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. मेल उघडला तर एका कंपनीच्या शुभेच्छा हजर. भगवी पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात नथ, दुसऱ्यात फेटा, मागे कुठलासा गड. आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत: ‘अभजिात मराठीच्या हार्‌दकि शुभेच्छा’.

परत वाचा. भ ची वेलांटी ज वर जाऊन बसलीय. र चा रफार झालाच नाही, बिचारा पाय मोडून तसाच उभा. द ची वेलांटी क ने पळवलीय. टाइप करणाऱ्याचं यात काही चुकलेलं नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडलेला नसला की असाच चुराडा होतो. एक पर्याय बदलायचा असतो हो! पण त्यासाठी समोरचं वाचता यावं लागतं, किंवा वाचावंसं वाटावं लागतं.

मी काही वर्षं एका जाहिरात एजन्सीत मराठी मजकूर बघायचे. तेव्हाची एक मीटिंग डोक्यातून जात नाही. अंधेरीचं ऑफिस, काचेची खोली, भिंतीएवढा स्क्रीन, त्यावर क्लायंटचा दिवाळीचा मेल. पणतीची ज्योत पिवळी हवी की केशरी यावर पाऊण तास चर्चा. लोगो थोडा मोठा, अजून थोडा मोठा. मी म्हटलं, ‘मराठी तुटलंय, आधी ते बघा.’ क्लायंटचे मार्केटिंगचे साहेब (आडनावाने अस्सल मराठी, म्हणून जास्त लागलं) हसून म्हणाले, ‘मॅडम, लोक वाचत नाहीत, बघतात.’

मेल पास झाला.

बघतात? ठीक आहे, बघण्याचंच बोलू. नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांच्या अक्षरांवर वाढलेली माणसं आहोत आपण. पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं की हे नाटक हसवणार की रडवणार. चित्र नाही, नट-नटीचा फोटो नाही, फक्त अक्षर. अक्षरकार र. कृ. जोशी तर जाहिरातीच्याच धंद्यातले, उल्का या एजन्सीतले. पुढे त्यांनीच मायक्रोसॉफ्टसाठी मंगल फॉन्ट केला, आणि आपल्यापैकी कित्येकांनी कॉम्प्युटरवरचं पहिलं मराठी वाक्य त्यातच लिहिलं. त्यामुळे मराठी माणसाला अक्षर बघता येत नाही असं कुणी मला सांगू नये.

वेबसाइटींची तऱ्हा वेगळी नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत जरा अंतर सोडलं की ती ऐटदार दिसतात. अंतराचा तोच आकडा देवनागरीला लावला की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द पडक्या दातांसारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाने, मग वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. बटणावर तर मात्रा सरळ छाटलेल्या. फॉन्ट मिळत नाहीत म्हणाल, तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू फुकट पडलेत. आपल्या वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे, तोही फुकट.

हां, एक मान्य. जीमेल मेलमध्ये आपल्या पसंतीचा फॉन्ट सहसा चालू देत नाही, फोनमध्ये असेल तोच दिसतो, म्हणून डिझाइनर अख्ख्या मेलचं एक चित्र करून चिकटवतात. अडचण खरी आहे. पण मग चित्रामागे पर्यायी मजकूर तरी लिहा ना! तो नसेल तर चित्र उतरेपर्यंत समोर कोरी चौकट, आणि फोनकडून मेल वाचून घेणाऱ्या अंध माणसाला काहीच नाही.

त्या दिवाळीच्या मेलचं डिझाइन केलेली मुलगी जेमतेम बावीस-तेवीसची होती. कानपूरची. एका रात्रीत पाच भाषांतले मेल तिने एकटीने बसवले होते. मीटिंगनंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘दीदी, मुझे सिखा दो ना.’ दहा मिनिटांत शिकली. पुढचे सगळे मेल तिने नीट केले, कधी शंका आली तर विचारायला यायची. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. राग सही करणाऱ्यावर आहे.

त्या मीटिंगमधली आणखी एक गंमत सांगायची राहिली. चहा घेऊन आलेले मामा ट्रे हातात धरून स्क्रीनकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘हार... दकी? म्हणजे काय ओ मॅडम?’ खोलीतल्या सगळ्यांत तो मेल खरोखर वाचणारा माणूस तो एकटा. साहेबांनी चहा घेतला.

आजच्या मेलमध्ये खाली 20 टक्के सूट आहे, आणि तिथे मराठी संपते. सूट कशावर, कधीपर्यंत, कोणाला नाही, सगळं इंग्रजीत, पांढऱ्यावर फिकट राखाडी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान 4.5 ला 1 इतका फरक हवा, हा वेबचा जगभर मानलेला नियम. इथे मी चष्मा लावून फोन नाकाशी धरला. शुभेच्छा डोळ्यांत भरतील अशा आणि अटी डोळे फुटतील अशा! मराठी म्हणजे यांना दाराचं तोरण वाटतं. आत व्यवहार वेगळ्याच भाषेत.

मराठीतून जरासं उत्तर लिहिलं, चांगल्या शब्दांत, सेटिंग कुठली बदलायची तेही सांगितलं. क्षणात परत आलं, या पत्त्यावर उत्तरं घेतली जात नाहीत म्हणे. मग तळाशी जाऊन ‘अनसबस्क्राइब’ शोधलं. पान उघडलं, का सोडताय विचारलं, अर्थात इंग्रजीत. ‘अदर’वर टिचकी मारून चौकटीत लिहिलं, ‘तुमचं मराठी वाचता येत नाही.’

खाली लाल अक्षरांत आलं: ‘प्लीज एंटर व्हॅलिड कॅरेक्टर्स.’