दार, पंच आणि मामांची हरकत

खून कोणी केला हे आमच्या घरात आजवर कोणालाही वेळेवर समजलेले नाही. मालिका पाहायला जाणकार प्रेक्षक मिळणे ही काय आपत्ती असते, हे ज्याच्या दिवाणखान्यात सेशन्स कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले मामा, सुतारकामाची कंत्राटे घेणारे शेजारचे नाना आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी वहिनी एकाच वेळी बसलेली असतात, त्यालाच कळेल.

'सीआयडी' ही आमची कुलदैवत मालिका. 1998 साली ती सुरू झाली, 2018 साली बंद पडली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा अवतरली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम मराठी असल्यामुळे तो माणूस आमच्याच आळीतला असावा, अशी सर्वांची समजूत आहे. त्यामुळे मालिकेवर प्रेम अमाप आहे, आणि आपल्या माणसाच्या चुका काढल्याखेरीज आमच्याकडे प्रेम सिद्ध होत नाही.

पथक घटनास्थळी पोहोचते, अभिजीत हातमोजे चढवतो, सोफ्याखालून बटण उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो आणि मामा विचारतात, "पंच कुठे आहेत?" दोन पंच नाहीत, पंचनामा नाही, पिशवीला लाखेचे सील नाही, सह्यांचे लेबल नाही, असला मुद्देमाल कोर्टात नेला तर आरोपीचा वकील पाच मिनिटांत त्याची विल्हेवाट लावील, असे त्यांचे म्हणणे असते. खरा कहर होतो तो शेवटी. एसीपींची एक सणसणीत थप्पड बसते, आरोपी घडाघडा सगळे कबूल करतो, त्याला फाशीचे भाकीत ऐकवले जाते आणि मामा कपाळाला हात लावतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे त्यांनी जन्मभर जुन्या पुरावा कायद्याचे कलम 25 म्हणून घोकलेले आहे. नव्या साक्ष्य अधिनियमात 1 जुलै 2024 पासून त्याचे कलम 23 झाले, याचे त्यांना आरोपी सुटण्यापेक्षा अधिक दुःख आहे. आरोपीने दाखवलेल्या जागी चाकू सापडला तर कबुलीतला तेवढा भाग ग्राह्य धरता येतो, अशी पुरवणीही ते जोडतात. पण तोवर पडद्यावर बिस्किटांची जाहिरात आलेली असते.

नानांना कायद्याचे सोयरसुतक नाही. एसीपींच्या हुकमावरून दया दार तोडायला सरसावला की ते खुर्चीच्या कडेवर येतात. लाथ नेमकी कुठे बसली, कडीच्या बाजूला की बिजागरीच्या, एवढेच त्यांना पाहायचे असते. एकदा त्यांनी रिमोट हिसकावून चित्र थांबवले आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून मला चौकटीची खाच, म्हणजे बंद दार जिच्यात बसते ती खोबण, दाखवली. खाच पॅसेजच्या बाजूला होती, म्हणजे दार बाहेर उघडणारे होते. असे दार लाथेने आत पडायचे तर खाचेची अख्खी कड उखडली पाहिजे. इथे कड शाबूत, बिजागऱ्या शाबूत, चौकट भिंतीत घट्ट, आणि 35 मिलिमीटरचे फ्लश डोअर मात्र जमिनीवर साष्टांग! "हे काम कोणाचे आहे?" असे त्यांनी अत्यंत तुच्छतेने विचारले. त्यांचा रोख खुनाकडे नव्हता.

वहिनींची पाळी फॉरेन्सिकवाले डॉ. साळुंखे आल्यावर येते. परीक्षानळीत कसलेसे निळे पाणी ओतताच विषाचे नाव कळते, हे पाहून त्या फक्त हसतात, पण ते हसणे भाष्याहून लांबते.

मौज अशी की हे तिघेही एकमेकांच्या खात्यात कमालीचे श्रद्धाळू आहेत. दार एका लाथेत पडते यावर मामांचा पूर्ण विश्वास आहे. डीएनएचा अहवाल चहा निवायच्या आत येतो, यात नानांना काहीच वावगे वाटत नाही. वहिनी तर थप्पड हाच खटल्याचा निकाल मानतात. 2004 साली या मालिकेने 111 मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित करून विक्रम केला होता. आमच्या घरी तो लावला असता तर मंडळींनी अकराव्या मिनिटालाच तीन कट मारले असते.

मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसतो, त्यामुळे खून, दार आणि परीक्षानळी यांच्याशी माझे वैर नाही. मी निमूटपणे सगळे पाहतो. परवाच्या भागात मात्र नवऱ्याचा खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोच्या हाती विम्याचा धनादेश पडला. मृत्यूचा दाखला नाही, एफआयआरची प्रत नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, पॉलिसी काढून सहा महिने झालेले आणि संशय थेट वारसदारावर. एवढे असताना तपासणीशिवाय रक्कम अदा कोणी केली आणि त्या कागदावर सही कोणत्या अधिकाऱ्याची, असे मी उभा राहून, जरा मोठ्यानेच विचारले. तिघांनीही माझ्याकडे वळून पाहिले.

"अरे, मालिका आहे ती," मामा म्हणाले. "खाली बस. खुनी सापडतोय."