फोटोतले घर आणि सोलापूरचे ऊन

गेले तीन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चालू आहे. जुळे सोलापूर भागात दादाचा बंगला उभा राहत आहे आणि त्याची आतली सजावट 'युरोपियन कंट्री' पद्धतीची असावी, असा पुतण्याचा आणि त्याच्या बायकोचा आग्रह आहे. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत मुद्दाम रंग उडवलेली पांढरट कपाटे आहेत, छताला गडद तुळया आहेत, भिंतीत शेकोटी आहे, फुलाफुलांचे जाड पडदे जमिनीपर्यंत लोळत आहेत आणि दिवाणखान्याची पश्चिमेकडची भिंत जवळजवळ सगळी काचेची आहे. दादाला हे परके वाटते. बाळी वेशीजवळचे आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, जुने घर बिल्डरला देऊन पैसा उभा करायचा असेल, तर त्या पैशांतून निदान आपल्या मुलखातले वाटेल असे घर उभे राहावे, असे त्याचे म्हणणे आहे. मी नऊ वर्षे फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्समध्ये राहते आणि तेही फोटोत दिसते तसल्याच एका जुन्या शेतघरात, म्हणून निवाडा माझ्यावर सोपवण्यात आला आहे.

माझे घर मानोस्क शहराजवळच्या एका खेड्यात आहे. जवळच कादाराश येथे 'ईटर' हा अणुसंमीलनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभारला जात आहे आणि त्याच्या सात भागीदारांपैकी भारत एक असल्यामुळे कामानिमित्त माझे इकडे येणे झाले. अशा शेतघराला येथे 'मास' म्हणतात. त्याच्या भिंती जवळच्याच दगडाच्या आणि दोन फुटांहून जाड आहेत. घराचे तोंड दक्षिणेला आहे आणि उत्तरेची भिंत जवळजवळ बिनखिडकीची आहे, कारण त्या बाजूने मिस्त्राल नावाचा थंड, कोरडा वारा येतो आणि कधी कधी सलग काही दिवस घोंघावत राहतो. छपरावर आपल्याकडच्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल कौले आहेत. दारात एक तुती आहे. या भागात पूर्वी रेशीमकिडे पाळत, तेव्हापासून तुती दारादारांत दिसते. उन्हाळ्यात ती सावली देते आणि हिवाळ्यात पाने झडली की ऊन घरात येऊ देते. जमिनीवर तोमेत नावाच्या लाल मातीच्या षट्कोनी फरश्या आहेत, त्यांच्यासाठी याच प्रांतातले सालेर्न हे गाव प्रसिद्ध आहे. भिंतींना चुना आहे आणि त्या चुन्यात रुसियोंच्या खाणींतली काव मिसळलेली आहे.

फोटोत जी शांतता दिसते ती या गोष्टींतून येते, आणि फोटोत नेमक्या याच गोष्टी दिसत नाहीत. कपाटाचा रंग उडाला आहे तो शंभर वर्षे त्याला हात लागल्यामुळे. खिडक्या लहान आहेत त्या थंडीसाठी तशाच उन्हासाठीही. जुलैमध्ये सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या आजी घराच्या सगळ्या लाकडी झडपा लावून घेतात आणि रात्री हवा थंडावल्यावर उघडतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझी आईच आठवली. ती एप्रिल लागला की दहाच्या आत खिडक्या लावून घेत असे, वाळ्याचा पडदा भिजवत असे आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारत असे. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, आणि २८ जून २०१९ रोजी याच दक्षिण भागातल्या व्हेरार्ग गावी ४६ अंश तापमान नोंदले गेले. अशा उन्हात आमचे हे जुने घर यंत्राशिवाय राहण्याजोगे उरते. मग ज्या शहरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही, तेथे याच घरांचे नाव घेऊन पश्चिमेला काचेची भिंत उभी करणे मला कोणत्याही अर्थाने युरोपियन वाटत नाही.

पडद्यांविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण दादाचा सर्वांत मोठा आक्षेप त्या फुलांवर आहे आणि तो इतिहासाला धरून नाही. प्रोव्हान्सच्या बाजारांत जे फुलाफुलांचे सुती कापड 'गावरान' म्हणून विकले जाते, त्याला आजही 'आंदियेन', म्हणजे 'भारतीय', असेच म्हणतात. सतराव्या शतकात ते आपल्याकडून, विशेषतः मच्छलीपट्टणच्या बाजूच्या किनाऱ्यावरून, मार्सेय बंदरात उतरत असे. तुरटीसारख्या रंगबंधकाने सुतावर पक्का बसवलेला लाल रंग धुतल्यावरही जात नाही, याचे तिकडच्या लोकांना इतके आकर्षण वाटले की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या तक्रारींमुळे फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदीच घातली. ती १७५९ पर्यंत टिकली आणि उठल्यावर लगेच, १७६० मध्ये, पॅरिसजवळच्या जूई येथे छापकामाचा तो कारखाना निघाला ज्याच्या चित्रमय कापडाला आज अस्सल फ्रेंच समजले जाते. इंग्लंडनेही १७२१ च्या कायद्याने असे छापील सुती कापड वापरण्यास मनाई केली होती. त्यांचा 'चिंट्झ' हा शब्द आपल्या चीट, छींट याच कुळातला आहे. माझी आजी 'चिटाचा परकर' म्हणत असे तो हाच शब्द. तेव्हा पुतण्याच्या बायकोला पडद्यावर फुले हवी असतील तर तिने परक्याचे काही मागितलेले नाही, असे मी दादाला स्पष्ट लिहिले.

आणि तिचे म्हणणे ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती गिरणी कामगारांच्या चाळीत, दोन खोल्यांत सात माणसांमध्ये वाढली आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर परतावे असे एक निवांत, सुंदर घर आपल्याला मिळावे, ही तिची इच्छा म्हणजे नक्कल नव्हे. तिने मला लिहिले, "आत्या, तुम्ही स्वतः त्या फोटोतल्या घरात राहता आणि आम्हाला शहाबादी फरशी सुचवता." या वाक्याने मी दोन दिवस अस्वस्थ होते. दूर राहणाऱ्या माणसाला गावाकडचे सगळे जसेच्या तसे हवे असते आणि त्याची किंमत तेथे राहणारे मोजत असतात, हा आरोप परदेशस्थांवर नेहमी होतो आणि त्यात बरेच तथ्य आहे.

माळवदाचेच पाहा. इकडे फ्रान्समध्ये जुन्या स्मारकाच्या पाचशे मीटरच्या परिसरात खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागते, त्यामुळे गावे टिकतात, हे दादाला फार आवडते. परंतु आमचे घर टिकवा, असे मी त्याला सांगू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती मुख्यतः अशाच घरांखाली. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्याने अवजड झालेली छपरे एका हादऱ्यात खाली आली. त्या पहाटे सोलापुरात आमच्या फडताळातली भांडी खाली पडली आणि आई पुढचा महिनाभर आम्हाला घेऊन अंगणात झोपली. शिवाय दर मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती चोपून घेणे, गळणाऱ्या खणाखाली पातेली मांडत रात्री काढणे, हे सारे वहिनीने वीस वर्षे केले आहे. जाड भिंतीचा गारवा मला आठवतो. तिला ती पातेली आठवतात.

म्हणून माझा निवाडा असा आहे की नवे घर लोखंड-सिमेंटच्या सांगाड्यावरच बांधावे, पण प्रोव्हान्सकडून चित्र न घेता तेथील रीत घ्यावी. त्या रीतीत घराची सामग्री शक्यतो जवळून येते. शहाबादची फरशी आपल्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरची, पायाला गार लागणारी आणि ओल्या फडक्याने क्षणात पुसली जाणारी आहे. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आणि धुळीच्या शहरात जमिनीवर लोळणारे जाड पडदे कोण धुणार, हा वहिनीचा प्रश्न मला सर्व सौंदर्यविचारांपेक्षा वजनदार वाटतो. फुले हवीत, पण ती पातळ सुती कापडावर आणि खिडकीच्या उंबरठ्यापर्यंतच. खुर्चीवर टाकायला आयात केलेली लोकरी शाल कशाला हवी? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी नावारूपाला आणलेली, जेकार्ड मागावर दोन्ही बाजूंनी उठाव घेणारी सोलापुरी चादर घरात आहेच, आणि ती जितकी धुवाल तितकी मऊ होते. शेकोटीची मात्र सोलापुरात मला कोणतीच गरज दिसत नाही; संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे अंगणात जी पेटते तेवढी पुरे.

तुळयांबाबत मला सर्वांत अधिक बोलावेसे वाटते. सजावटकाराने दाखवलेल्या तुळया फोमच्या आहेत, लाकडाचा रंग दिलेल्या. आणि बाळी वेशीच्या घरात शंभर वर्षांच्या सागवानी तुळया आहेत, ज्या पाडकाम करणारा जुन्या लाकडाच्या भावाने उचलून नेणार आहे. त्याच तुळयांचे पुढे कोठेतरी 'अँटिक' टेबल होईल आणि आम्ही आमच्या छताला फोम चिकटवू, ही कल्पना मला सहन होत नाही. हे मी गटावर लिहिले तेव्हा पहिल्यांदाच दादा आणि पुतण्या यांचे एकमत झाले. मागच्या रविवारी पुतण्या सुताराला घेऊन जुन्या घरी गेला. वाळवी न लागलेल्या अकरा तुळया निघाल्या, त्यांवर खडूने आकडे टाकून झाले आहेत, आणि पुतण्याची बायको माजघरातल्या कोनाड्यांची मापे घेऊन आली आहे.

काचेच्या भिंतीचा निर्णय अजून व्हायचा आहे. सांगाडा उभा आहे, पश्चिमेची बाजू मोकळी आहे आणि खिडक्यांचे काम उन्हाळ्यानंतर निघणार आहे. मे महिन्यात एखाद्या दिवशी दुपारी चार वाजता दोघांनी त्या जागी अर्धा तास खुर्ची टाकून बसावे आणि मग मला कळवावे, एवढेच मी त्यांना लिहिले आहे.