न परतलेल्यांची यादी

सैनिकांवरचा चित्रपट बघून उठलं की आपल्याकडे वाद रंगतो तो बघणाऱ्यांवर. कोण उभं राहिलं, कोण बसून राहिलं, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्यासारखी बाहेर राहणारी कुणी खोलीत असली तर गाडी ‘तुम्हाला तिकडे बसून काय कळणार’ या स्टेशनावर येतेच. गेल्या सुट्टीत ठाण्यात, घोडबंदर रोडवर दादाच्या घरी असाच वाद झाला. अमेरिकेत, ओहायोला परत आले तरी तो डोक्यातून गेलेला नाही.

चित्रपट होता ‘ब्लॅक हॉक डाऊन’. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियाच्या मोगादिशू शहरात अमेरिकेची दोन हेलिकॉप्टरं पाडली गेली, शंभराच्या आसपास सैनिक रात्रभर शत्रूच्या वस्तीत अडकले आणि सकाळी त्यांना बाहेर काढलं गेलं, त्याची ही हकिगत. यात कुणी काही जिंकत नाही. पाणी संपत आलंय, गोळ्या संपत आल्यात, मांडीतली शीर तुटलेल्या एका पोराला सोबती दाबून धरून बसलेत आणि सुटकेच्या गाड्या कुठवर आल्या याचा पत्ता नाही.

समोरच्या फ्लॅटमधले काका, बँकेतून निवृत्त झालेले, शेवटपर्यंत खुर्चीच्या टोकावर बसून होते. दिवे लागल्यावर म्हणाले, “आपले जवान असे रडत नाहीत.” इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या म्हणाला, “काका, गोळी लागली की कुणीही ओरडणार.” वहिनीचं म्हणणं वेगळं होतं : आपल्या सैन्याच्या इतक्या गोष्टी असताना त्यांच्या का बघायच्या? तिथून विषय राष्ट्रगीतावर गेला. थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०१६ चा, आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानंच ती सक्ती काढली. इतकी वर्षं उलटली तरी घराघरांत त्यावर अजून आवाज चढतात. शेवटी काका माझ्याकडे वळले, “ताई, राग मानू नका, पण तुम्ही लोक देश सोडून गेलात. देशप्रेमाचं आम्हाला सांगू नका.”

राग आला नाही. काका मनापासून बोलत होते, आणि मनापासून बोलणाऱ्याला उत्तरही तसंच द्यायला हवं.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. सुटकेची गोष्ट आपल्याकडेही आहे, तीही मराठी माणसाची. डिसेंबर १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे दिलीप पारूळकर पाकिस्तानच्या हाती लागले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, मध्यरात्री, ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघं रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. पेशावर गाठलं, खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची हद्द हाकेच्या अंतरावर होती. तिथं त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. नकाशावर ते रेल्वेचं स्टेशन होतं, पण तिथली गाडी कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेली. त्या एका चौकशीनं संशय आला आणि तिघं पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून भारतात आले. पारूळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या खोलीत त्यांचं नाव मी सोडून कुणीच ऐकलेलं नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा, परदेशात असताना कळलं होतं.

पण काकांचा प्रश्न मोठा होता. देशप्रेम म्हणजे आपण सैनिकाचं नेमकं काय देणं लागतो?

आमच्या गावच्या पोस्ट ऑफिसवर अमेरिकेच्या झेंड्याखाली आणखी एक झेंडा असतो. काळा. त्यावर पांढऱ्या रंगात मान खाली घातलेल्या माणसाची आकृती, मागे पहाऱ्याचा मनोरा, पुढे काटेरी तार, आणि खाली इंग्रजीत ‘तुम्हाला विसरलेलो नाही’. पार्सल टाकायला जाणारा प्रत्येक जण त्याच्याखालून जातो. तो झेंडा सरकारच्या डोक्यातून निघालेला नाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या एका नौदल वैमानिकाची बायको, मेरी हॉफ, १९७१ मध्ये झेंडे बनवणाऱ्या कंपनीच्या मागे लागली आणि तो तयार झाला. १९८२ मध्ये तो व्हाइट हाऊसवर चढला. २०१९ च्या कायद्यानं तो केंद्र सरकारच्या ठरावीक इमारतींवर वर्षभर, राष्ट्रध्वजाबरोबर फडकवणं बंधनकारक झालं.

त्याच १९७१ साली, ५ डिसेंबरला, आपल्या हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आली, त्यात थोडं चुकीच्या स्पेलिंगनं त्यांचंही नाव होतं. त्यांची पत्नी दमयंती तांबे तेव्हा देशातल्या आघाडीच्या बॅडमिंटनपटू, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्या बाईंनी खेळ सोडला आणि नवऱ्याचा शोध धरला. युद्धानंतर आपण सुमारे ९३ हजार कैदी, त्यात काही नागरिकही, पाकिस्तानला परत दिले. आपली ५४ माणसं मात्र बेपत्ता राहिली. पाकिस्तानचं म्हणणं, आमच्याकडे कुणी नाही. १९८३ मध्ये काही कुटुंबांना तिथल्या तुरुंगात नेऊन दाखवण्यात आलं, २००७ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा नातेवाईक रिकाम्या हातांनी परतले.

दोन बायका, दोघींचे नवरे वैमानिक, काळ जवळजवळ एकच. एकीचा झेंडा आज देशभरच्या पोस्टांवर आहे. दुसरीचं नाव ठाण्यातल्या एका सुशिक्षित घरात, जिथं राष्ट्रगीताच्या सक्तीवर तासभर भांडण होतं, कुणाला माहीत नाही. माझ्या जिवाला जे लागलंय ते हे.

अमेरिकेचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. त्या काळ्या झेंड्याच्या आधारानं तिथं बरंच खोटंही खपलं. व्हिएतनाममध्ये आपले सैनिक अजून जिवंत कैदेत आहेत आणि सरकार ते लपवतंय, ही समजूत वर्षानुवर्षं पेटती ठेवली गेली. निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, कुटुंबांना खोट्या खुणा विकल्या गेल्या. सिनेटच्या समितीनं १९९३ मध्ये अहवाल दिला : कुणी अमेरिकी अजून तिथं जिवंत कैदेत असल्याचा ठोस पुरावा नाही. ज्या आयांनी वीस वर्षं दिवा लावून ठेवला होता, त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल? आणि ‘आपल्या माणसाला मागे सोडायचं नाही’ ही शपथही तिकडे आपला-परका बघून पाळली जाते. २०२१ मध्ये काबूलमधून विमानं उडाली तेव्हा सैन्यासाठी दुभाषाचं काम केलेली कितीतरी अफगाण माणसं मागे राहिली.

आम्ही पाहिलेल्या चित्रपटातही तेच आहे. मोगादिशूत अडकलेल्यांना सोडवायला गेलेल्या ताफ्यात मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानचे रणगाडे होते. मलेशियाचा एक सैनिक त्या रात्री मारला गेला. पडद्यावर त्यांना जागा इतकी थोडी मिळते की प्रेक्षकाला घरी जाताना ते आठवतही नाहीत. मेलेल्या शेकडो सोमाली माणसांची तर नावंच नाहीत. पाकिस्तानी रणगाड्यांचं ऐकून काका चमकले. “खरं?” त्यांनी दोनदा विचारलं.

तरीही त्या झेंड्यामागे जे काम चालतं, ते मला मोलाचं वाटतं. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारं स्वतंत्र सरकारी खातं तिथं आहे. हाडं ओळखणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, नातेवाइकांच्या डीएनएचे नमुने जपून ठेवलेले आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धापासूनच्या ऐंशी हजारांहून अधिक बेपत्तांची यादी कुणालाही बघता येते. त्या खात्याची माणसं आपल्या अरुणाचलच्या डोंगरांतही येऊन गेली आहेत, कारण महायुद्धात चीनला रसद नेणारी त्यांची विमानं तिथं पडली होती. तिथून मिळालेले अवशेष एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून सन्मानानं मायदेशी गेले. आपल्या भूमीवर पडलेला त्यांचा माणूस ७० वर्षांनी शोधला जातो.

आपल्याला हे जमत नाही, असं कुणी म्हणत असेल तर मी मुळीच मानणार नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या भागात बेपत्ता झालं. लष्कराच्या तुकड्या पुन्हा पुन्हा त्या बर्फात गेल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, आणखी चौघांचे देह खाली आणले. ज्या घरात फोटोला हार घालायचा की नाही हेच कुणाला ठरवता येत नव्हतं, त्या घराला अखेर अंत्यसंस्कार करता आले. ही बातमी आपल्याकडे एक-दोन दिवस चालली. त्यावर थिएटरात कुणी उभं राहिलं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी कुणाला देशद्रोहीही म्हटलं नाही.

फेब्रुवारी २०१९ आठवतो. विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या ताब्यात होते, २७ तारखेपासून १ मार्चपर्यंत. मी तिकडे रात्रभर फोन हातात धरून बसले होते, इकडे दादाचंही तेच चाललं होतं. त्या तीन दिवसांत पूर्ण देशाला एका माणसाच्या परतण्याची काळजी होती आणि ती काळजी शंभर टक्के खरी होती. तशीच काळजी ज्यांचा चेहरा टीव्हीवर आला नाही, त्यांच्यासाठी का टिकत नाही?

काकांचं ‘आपले जवान रडत नाहीत’ हे वाक्यही मला इथंच खुपतं. सैनिक कधी घाबरत नाही, थकत नाही, तहानेनं व्याकूळ होत नाही, असं मानलं की त्याला सोडवून आणायची गरजच उरत नाही. तो पडला तर हुतात्मा, परतला तर वीर. आणि अधे कुठेतरी, कोठडीत किंवा बर्फाखाली राहिला, तर त्याच्यासाठी आपल्याकडे ओळच नाही. पारूळकर पकडले गेले यात कमीपणा काय होता? मला तर भिंत फोडण्याइतकंच, परत पकडल्यावर डिसेंबरपर्यंत तग धरणं मोठं वाटतं.

हे सगळं मी त्या रात्री जमेल तसं सांगितलं. बाहेर राहून हे बोलण्याचा अधिकार मला आहे, असंच मी मानते. भारताचा पासपोर्ट अजून माझ्याकडे आहे, आई-बाबा ठाण्यात आहेत. आणि नसते तरी, दुसऱ्या देशात रोज नजरेस पडणारी एखादी चांगली रीत घरी सांगावीशी वाटणं याला मी देश सोडणं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका परत आले, चष्मा आणि पेन घेऊन. पुतण्यानं लॅपटॉप उघडला आणि आम्ही ठाण्याच्या खासदारांना पत्र लिहिलं. त्यात मागितलंय : बेपत्ता सैनिकांची अद्ययावत यादी सरकारनं लोकांसमोर ठेवावी, दरवर्षी संसदेत तिच्यावर निवेदन व्हावं, आणि ज्यांचे आई-वडील, भावंडं अजून हयात आहेत त्यांच्या डीएनएचे नमुने आताच घेतले जावेत, कारण ती माणसं आता ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. काकांनी मसुदा दोनदा वाचला. बँकेच्या पत्रव्यवहारात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी ‘विनंती’ खोडून ‘मागणी’ केलं, उत्तराची मुदत घातली, पोच देणाऱ्या टपालानं पाठवायचं ठरवलं आणि पहिली सही स्वतः केली.