गाडीवर दोन लाख सुटतात म्हणे! त्या मेसेजचं आणि आमच्या काकांचं काय झालं

शनिवारी सकाळी काकांचा कराडहून फोन. "अगं, तीन लाख काढून आणलेत बँकेतून, बाकीचे सोमवारी देतो म्हणाला मॅनेजर." कशाला म्हटलं तर म्हणे गाडीला, रोख दिले की डिस्काउंट जास्त मिळतो, तुला पाठवला होता ना मेसेज, वाचला नाहीस का?

वाचला होता. चारदा वाचलाय. फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसमध्ये एकाने प्रिंट काढून डेस्कवर ठेवलेला. "एका शोरूम मॅनेजरने नोकरी सोडताना सांगितलेली सहा गुपितं, पुढे पाठवा, सामान्य माणसाचे दोन लाख वाचतील." मी दुर्लक्ष केलं कारण असले मेसेज रोज येतात, पण काका जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, आयुष्यभर स्कूटर आणि एसटी, पहिलीच नवी गाडी घेतायत, आणि ती पिशवी कपाटात साड्यांच्या मागे ठेवून फोन करतायत म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे यातलं निम्मं तरी मला रोजच्या कामातून माहितीये.

मेसेजमधली सहा गुपितं थोडक्यात अशी. एक, डीलरला गाडीमागे २० ते २५ टक्के सुटतात, म्हणून सरळ दोन लाख कमी मागा. दोन, सगळे पैसे रोख द्या, रोज १ लाख ९० हजार असे तुकडे केले की कायद्यात बसतं. तीन, इन्शुरन्स शोरूममधूनच घ्या, बाहेरून घेतला तर वॉरंटी जाते. चार, महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री आठला जा आणि गाडी घेऊनच घरी या. पाच, पासिंग गोव्यात करा, टॅक्स वाचतो. सहा, हँडलिंग चार्ज सुप्रीम कोर्टाने बंद केलाय, कोर्टाचं नाव घ्या, घाबरतात.

तिसरं गुपित परत वाचा. जो माणूस शोरूमचं बिंग फोडायला निघालाय तोच सांगतोय इन्शुरन्स शोरूममधूनच घ्या! मला तर वाटतं हा मेसेज शोरूममध्येच बसून टाइप केलाय कोणीतरी.

आधी रोख पैशांचं, कारण काकांची पिशवी. २०१७ च्या एप्रिलपासून नियम आहे की एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, एका दिवसात नाही, एका व्यवहारात नाही आणि एका प्रसंगासाठी नाही. हे तीन वेगवेगळे शब्द कायद्यात मुद्दाम घातलेत ते या १ लाख ९० हजारवाल्या हुशारांसाठीच. गाडी एक, बिल एक, म्हणजे व्यवहार एक, मग तुम्ही पाच दिवस द्या नाहीतर पन्नास दिवस द्या. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असतो, म्हणजे आठ लाख घेतले तर आठ लाख. आता सांगा, कुठला डीलर तुमच्या पाच-दहा हजारांच्या डिस्काउंटसाठी आठ लाखांचा दंड अंगावर घेईल? आणि जो घ्यायला तयार आहे तो बिल कसं फाडणारे, पावती किती रकमेची देणारे? उद्या गाडी मिळायला उशीर झाला, बुकिंग रद्द करायची वेळ आली, तर कपाटातून काढून दिलेल्या पैशांचा पुरावा काय तुमच्याकडे? काकांना हेच विचारलं, ते म्हणाले शोरूमचा मॅनेजर चांगला माणूस आहे. असेल ना. पण पावती कुठंय?

आणि मूळ गैरसमज कुठून आला तेही सांगते. शोरूमच्या भाषेत 'कॅश पार्टी' म्हणजे नोटा घेऊन आलेला माणूस नव्हे, लोन न घेणारा माणूस, चेक किंवा आरटीजीएस करणारा. तो एक शब्द कोणीतरी ऐकला आणि गुपित बनवलं. शिवाय लोन न घेणाऱ्याला डिस्काउंट जास्त हेही उलटंच आहे बऱ्याचदा, कारण लोन करून दिलं की बँकेकडून डीलरला कमिशन मिळतं, त्यामुळे लोनवाल्याला तो थोडं जास्त सोडू शकतो. (म्हणून उगाच लोन घेऊन महिन्याभरात फेडायची आयडिया कोणी काढली तर फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन फेडल्याचा आकार, आधी वाचा, सगळा डिस्काउंट तिथे जाऊ शकतो.)

आता ते २५ टक्के. काका बघतायत ती गाडी चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल, एक्स-शोरूम (म्हणजे पासिंग-इन्शुरन्स धरायच्या आधीची किंमत) १० लाख ८० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे या किमतीतले जवळपास १ लाख ६५ हजार सरकारचे. उरले सव्वानऊ लाखांच्या आत. त्यातून डीलरचे २५ टक्के म्हणजे २ लाख ७० हजार काढले तर कंपनीकडे साडेसहा लाखसुद्धा राहत नाहीत, त्यात लोखंड, इंजिन, पगार, जाहिराती, सगळं. अहो, मिठाईच्या दुकानाचं मार्जिन सांगताय तुम्ही! आपल्याकडे गाडीच्या डीलरचं मार्जिन तीन ते सात टक्क्यांच्या आसपास फिरतं, कंपनी आणि मॉडेलप्रमाणे, आणि त्यातूनच जागेचं भाडं, पोरांचे पगार, स्टॉकवरचं व्याज. दोन लाख मागितले की समोरचा सेल्समन हसतो आणि तुम्हाला काही कळत नाही हे त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

पण डीलरला सोडायचं असलं तरी तो का सोडत नाही, हे कुठल्याच गुपितात नाही आणि खरी बातमी तीच आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला, मारुतीच्या एका डीलरचा म्हणून, आणि तो आपल्याकडचाच, मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र ज्या कंपनीच्या विभागात होता त्याबद्दलचा. तक्रार अशी की कंपनीने जाहीर केलेल्या ऑफरपेक्षा जास्त डिस्काउंट गिऱ्हाइकाला दिला तर डीलरला दंड होतो. आयोगाने तपास केला, २३ ऑगस्ट २०२१ ला निकाल दिला आणि कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला. त्या निकालात वाचायला मिळतं की कंपनीने एजन्सी नेमल्या होत्या, त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, डिस्काउंट मागायची, रेकॉर्डिंग करायची, आणि कोणी जास्त सोडलं की डीलरला ईमेल जायचा, पुरावा जोडून, खुलासा द्या म्हणून. दंड डीलरशिपला तर व्हायचाच, पण सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांनाही! कंपनीने त्यावर अपील केलं, त्यामुळे तो निकाल अंतिम म्हणून मी नाचवत नाहीये. पण धंदा कसा चालायचा ते त्यातून दिसतं. म्हणजे तुम्ही हातात मेसेज घेऊन दोन लाख मागत असता आणि समोरच्या पोराला तुम्हीच तो पाठवलेला खोटा गिऱ्हाईक तर नाही ना अशी भीती असते. त्याच्यावर ओरडून काय मिळणार?

मग घासाघीस करायचीच नाही का, तर करायची, पण एक्स-शोरूमच्या खालच्या ओळींवर. काकांना म्हटलं कोटेशनचा फोटो पाठवा. आलं. एक्स-शोरूमच्या खाली पासिंग, इन्शुरन्स ५७ हजार, टीसीएस (गाडी विकतानाच डीलरने गोळा करायचा इन्कम टॅक्स) १०,८००, 'हँडलिंग' साडेआठ हजार, 'इसेन्शियल किट' १९ हजार (मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि एक छोटा अग्निशामक, एकोणीस हजारांना!), वाढीव वॉरंटी. कंपनीचा दहा हजारांचा डिस्काउंट दिलाय म्हणून काका खूश, आणि खाली तीस-चाळीस हजार परत घेतलेत ते दिसलेच नाहीत.

यातला इन्शुरन्स सगळ्यात मोठा. वॉरंटी देते गाडीची कंपनी, विमा देते विमा कंपनी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तुम्ही कुठल्याही परवाना असलेल्या विमा कंपनीकडून पॉलिसी घेऊ शकता, शोरूमची सक्ती चालत नाही. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, लागतोच, त्याचा दर सरकारने ठरवलेला, २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १००० ते १५०० सीसीला १०,६४०, वर जीएसटी धरून साडेबारा हजार. तो कुठूनही घ्या, तेवढाच. म्हणजे काकांच्या ५७ हजारांतले साडेचव्वेचाळीस हजार फक्त एक वर्षाचं ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑन (वरची जादा कव्हरं). तीच गाडी, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची किंमत) धरून, मी ऑनलाइन टाकून बघितली तर एकूण ३८ हजार. फक्त आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बघा, नवीन गाडीची एक्स-शोरूमच्या ९५ टक्के यायला पाहिजे, काकांच्या गाडीला १० लाख २६ हजार, काही स्वस्त कोटेशन तिथे कापून स्वस्त होतात.

इथे एक अर्धसत्य मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हटलं की शोरूमवाले म्हणतात मग डिस्काउंट काढून घेतो, आणि खरंच काढतात. काकांनाही म्हणाले. मग बेरीज करायची, दहा हजारांचा डिस्काउंट गेला आणि एकोणीस हजार वाचले तर जाऊ दे ना तो डिस्काउंट. बहुतेक वेळा ती बाहेरची पॉलिसी दाखवली की शोरूमचाच आकडा खाली येतो. आमचा ५७ वरून ४१ वर आला, दहा मिनिटांत, मॅनेजरच्या केबिनमध्ये न जाता.

टीसीएसबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, पण लोक त्यावरच भांडतात. दहा लाखांच्या वरच्या गाडीला एक टक्का, २०१६ पासून, तो डीलरच्या खिशात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्या. पॅन नंबर बरोबर दिलाय ना एवढंच बघा. आणि व्हेरियंट निवडताना दहा लाखांची रेघ लक्षात ठेवा, पेट्रोलला आपल्याकडे रोड टॅक्स दहाच्या आत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, तोही पूर्ण किमतीवर, त्यामुळे ९ लाख ९९ हजारांची आणि १० लाख १ हजाराची गाडी यांच्यात दोन हजारांचा नाही, टॅक्सच दहा हजारांनी जास्त.

बाकीची गुपितं पटकन. गोवा पासिंग: गाडी जिथे राहते तिथे पासिंग करायची असते, कराडात राहून म्हापशाचा पत्ता दाखवणं म्हणजे खोटी कागदपत्रं, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की परत नोंदणी आणि इथला टॅक्स आलाच. सुप्रीम कोर्टवालं: निकालाचं नाव नाही, साल नाही, काहीच नाही, असलं काही तोंडावर फेकू नका. साधं विचारा, ही सरकारी फी आहे का, असेल तर पावती सरकारी द्या. नोंदणीची फी ६०० रुपये आहे, लोन असेल तर बोजा चढवायचे १५००, हा साडेआठ हजारांचा आकडा तिथे कुठेच नाही. काकांनी एवढंच विचारलं आणि ती ओळ पेनने खोडली गेली. किट नको म्हटलं, तेही गेलं.

रात्री आठला जाऊन गाडी घेऊन येणं: पासिंगशिवाय गाडी ताब्यात द्यायचीच नाही असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२वा नियम सांगतो, मग रात्री आठला काय घेऊन येणार, चावीचा फोटो? महिनाअखेरीला टार्गेट असतं, सेल्समन थोडा मऊ असतो, हे खरं आहे, डिसेंबरात तर जास्तच, पण मग आरसीवर जुनं वर्ष लागतं आणि विकताना तेवढं पडतं. आपल्याकडे खरा मऊपणा बघायचा तर पितृपक्षात बघा. दसऱ्याला आणि पाडव्याला सगळ्यांना एकाच दिवशी डिलिव्हरी पाहिजे असते, तेव्हा घासाघीस केली तर पुढच्या माणसाला गाडी देतात, आणि पितृपक्षाच्या पंधरवड्यात तेच लोक चहा विचारतात.

हे काकांना सांगितलं. त्यांना पटलं, पिशवी बँकेत परत गेली, दुसऱ्या शोरूमचं लेखी कोटेशनही आणलं, आणि ठरवलं की बुकिंग पितृपक्षात करायचं, दर पक्का करून घ्यायचा आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्यायची. मी म्हटलं एकदम बरोबर. मागून काकूचा आवाज आला, "आणि पैसे कधी देणार? पितृपक्षातच ना? मग चालवा तुम्हीच, मी नाही बसायची."