गट नेमा, पण त्याला कागद पाहू द्या

उच्च शिक्षणसंस्थांच्या प्रशासनात वैविध्य वाढावे यासाठी कर्मचाऱ्यांचाच एक गट नेमावा, अशी सूचना एका लेखात वाचली; ती मला पटते. मात्र पुण्यातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे काम केल्यावर असे वाटते की, या गटाला कोणते कागद पाहता येतील हे आधी ठरायला हवे. बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गासाठी आहे हे दाखवणारी नोंदवही, तपासून घेतली की आपले कर्तव्य संपले, अशी नेमणुकांचे काम पाहणाऱ्या आस्थापना विभागाची समजूत असते. प्रत्यक्षात रुजू झालेल्या माणसाला कोणते टेबल मिळते, हे बिंदुनामावली सांगत नाही. आमच्याकडे आवक-जावक आणि झेरॉक्सचे काम वर्षानुवर्षे त्याच त्या लोकांकडे राहते, लेखा व परीक्षा विभागाची टेबले ठरावीक मंडळींतच फिरतात आणि पदोन्नतीच्या वेळी ‘अनुभव’ अर्थातच त्यांच्याच नावावर निघतो. गटाने सर्वप्रथम कार्यविभाजनाचे आदेश मागवावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे संस्थेने वा कार्यालयाने, समान संधी धोरण जाहीर करायचे असते. आमच्या इमारतीत सेवापुस्तके (कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदवह्या) दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा असे धोरण कागदावर असले काय अन् नसले काय, सारखेच.

गटात केवळ अधीक्षक आणि वरिष्ठ लिपिक नकोत; शिपाई, ग्रंथालय परिचर आणि कंत्राटी सफाई कर्मचारीही हवेत, आणि त्यांना बोलता यावे म्हणून बैठकीचे अध्यक्षपद कुलसचिव किंवा प्राचार्यांकडे नसावे.